अळिवाची खीर

या मंडळी, अशी जवळ सरकून बसा. द्वारकाआत्याची गोष्ट सांगतो, जीव लावून ऐका.

भाचीच्या, शर्वीच्या, खाटेशी ती माळ ओढत बसली होती. घशातला स्ट्रेप्टोकोकस जंतू पोरीच्या रक्तात उतरला होता आणि कुठलंच प्रतिजैविक त्याला पुरं पडत नव्हतं.

"या जंतूंना लोह लागतं, आत्या," लोहाचं इंजेक्शन भरताना डॉक्टर पिंगेबाई म्हणाल्या. "ते आपण परवापासून औषधानं बांधून ठेवलंय. आता भुकेले झालेत. आता लोह एकदम ओतलं की अधाशासारखे गिळतील आणि त्यानंच मरतील."

"आणि पोटं भरलेली असली तर?"

"मग मेजवानीच की त्यांना! पण पोर कडक पथ्यावर आहे ना?"

आत्याची माळ थांबली. सकाळी पांढरीफटक पडलेली शर्वी "भूक लागली गं" म्हणाली, तेव्हा तिनं देवाचं नाव घेऊन वाटीभर अळिवाची खीर भरवली होती. अळिवात लोह भरपूर, म्हणून रक्त वाढायला त्यांच्या घरात अशक्त लेकराला हीच खीर देत. आता सांगावं, तर भाऊ, शर्वीचा बाप, जन्मात तोंड बघायचा नाही.

सुई दंडाला टेकली.

"थांबा बाई! मी खीर दिलीय तिला. अळिवाची!"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. "अहो, काय केलंत हे!" दाराशी उभ्या भावानं कपाळावर हात मारला.

लोहाचा उपास पुन्हा पहिल्यापासून सुरू झालाय. पोरीला तो सोसेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत. आत्या तिचे गार तळवे चोळत नाम घेतेय.

सांजेला देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या शर्वीची आठवण असू द्या.