छत्तीस लिटरचं खोकं

बायको गेल्यापासून बॉक्सवाले काका दुकानात एकटेच असत. गाडीतल्या सबवूफरची लाकडी खोकी बनवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नव्या खोक्याची आतली मापं चाळीस, तीस आणि तीस सेंटिमीटर. म्हणजे बरोबर छत्तीस लिटर. खात्रीसाठी त्यांनी नेहमीसारखे स्पीकरच्या भोकातून लिटरच्या मापाने प्लास्टिकचे मणी ओतले. तेहेतीस लिटरलाच खोकं काठोकाठ भरलं.

त्यांनी मणी उपसून आठही कोपरे हाताने चाचपले. टेप लावली, तसूभरही फरक नव्हता. पुन्हा भरलं, तर या खेपेला तीसच लिटर मावले.

काकांनी खोकं रिकामं केलं, तेवढ्यात त्याचा तरुण मालक आला. "काका, झाला का माझा बॉक्स?"

"नाही रे बाबा. आत जागा कमी पडतेय."

तो आत डोकावून हसला. "अहो, रिकामा तर आहे!"

"उद्या ये."

तो गेला, पण का कोण जाणे, काकांना एकटं वाटेना. त्यांनी तिसऱ्यांदा मणी ओतले, अगदी हळू, कुणाला लागू नयेत अशा बेताने.

भोकाशी आलेले मणी हलत होते. वाऱ्याने असेल म्हणून त्यांनी पंखा बंद केला.

मणी संथपणे वर येत होते आणि खाली बसत होते, झोपलेल्या माणसाच्या छातीवरच्या चादरीसारखे.