औषधाचं खोकं

थोरल्या जाऊबाईंच्या हाताला यश होतं. बेकरीची पिशवी असो, नाटकाचं पोस्टर असो की जाडजूड ग्रंथ, त्यांनी सजवलं की माणूस वळून बघायचाच. मी त्यांच्याच स्टुडिओत काम करायचे. त्या दिवशी एका औषध कंपनीच्या मालकांसमोर आम्ही थेंबांच्या बाटल्यांची नवी खोकी मांडली. एवढं मोठं काम प्रथमच दारात आलं होतं. मालकांनी मात्र नाक मुरडलं. “आमचं बोधचिन्ह एवढंसं, आणि ‘कानात घालायचे थेंब’ हे एवढं ठळक? जुन्यासारखी सगळी हिरवीच करा. दुकानात कंपनी उठून दिसली पाहिजे.” मी जाऊबाईंना हळूच कोपराने ढोसलं, म्हणजे त्या मुकाट्याने हो म्हणतील. पण त्यांनी कंपनीचीच दोन जुनी खोकी पुढे सरकवली. “साहेब, जरा चष्मा काढा आणि यातले डोळ्यांचे थेंब द्या बघू.” मालक हसले. चष्मा काढून त्यांनी बेधडक एक खोकं उचललं. “हे घ्या.” मालकांनी चष्मा चढवला, खोकं वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते कानाचे थेंब होते. काम हातचं गेलंच, असं मला वाटलं. मालकांनी ते खोकं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिलं. “बाई, तुमचीच खोकी छापा,” ते अखेर म्हणाले, “आणि पहिली चार मला आणून द्या. माझी आई एकटी राहते.”