माउसवरचा हात

“बाबा, माउसवरचा हात काढा. मी बघतो.”

फोन कानाशी धरून अच्युतरावांनी हात उचलला आणि पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. निनाद तिकडे कॅनडात बसून सांगलीतला लॅपटॉप दुरुस्त करत होता. बाण जरा घुटमळायचा, मग नेमक्या जागी जाऊन टिचकी मारायचा. लहानपणी गणित सोडवताना त्याची पेन्सिलही अशीच घुटमळायची.

लॅपटॉप पार म्हातारा झाला होता. बिजागरी सुटलेली, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. प्रकाशकाची मुद्रितं तपासताना मध्येच ढिम्म व्हायचा. पण अच्युतरावांची तक्रार नव्हती. एरवी बापलेकांचं बोलणं म्हणजे, “जेवलास?” “जेवलो.” संपलं! लॅपटॉप अडला, की मात्र दोघं तासभर एकाच पडद्यासमोर असत. गेल्या रविवारी तर त्यांनी चांगला चालणारा प्रिंटर मुद्दाम बंद पाडला होता.

“किती त्रास काढताय, बाबा!” निनाद कळवळून म्हणाला. आणि आठवड्याभरात नवाकोरा लॅपटॉप दारात आला.

घरघर नाही, अडणं नाही. पाण्यासारखा चालायचा. “आता माझी गरजच पडणार नाही तुम्हाला,” फोनवर निनाद खुशीत हसला. अच्युतरावही हसले.

रविवारी त्यांनी तो उघडला. लेकानं हौसेनं घेतलेली वस्तू बिघडवायला मन धजेना. मग त्यांनी माउसवरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला.

बाण होता तिथेच राहिला.