एकच परवानगी बाकी

केतकी बोंद्रेने तिच्या ब्लॉगचा शंभरावा लेख ऐन जेवणाच्या सुट्टीत धाडकन पाठवून दिला: 'आमच्या ऑफिसात एक महाभाग आहे. दुसऱ्यांच्या डब्यातलं लोणचं मिटक्या मारत खातो आणि स्वतःच्या डब्यात काही खास असलं की पाठ फिरवून बसतो!'

नाव तिने मुद्दामच गाळलं होतं. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याने 'हो' दाबल्याशिवाय हल्ली कुठलाच लेख प्रसिद्ध होत नसे. "आता विचारतील कुणाला, डोंबल!" केतकी खूश झाली.

पण ब्लॉगयंत्राने वर्णनावरूनच माणसं हुडकली. आधी ढवळीकरसाहेबांचा फोन किणकिणला, मग फडतरेंचा, मग झाडून सगळ्यांचा!

"बोंद्रेबाई, त्या दिवशी कटलेट एकच उरलं होतं हो," साहेब ओशाळून म्हणाले.

"आणि मी श्रीखंड लपवलं होतं," फडतरे म्हणाले. "पण दाबलं बुवा 'हो'. खोटं काय आहे त्यात?"

सगळ्यांनीच दिलदारपणे 'हो' दाबलं. आता एकच परवानगी बाकी होती.

केतकीचा फोन वाजला. 'हे वर्णन तुमच्याशी जुळतं. परवानगी आहे?'

केतकीने टेबलाखालचा कोलंबीभाताचा डबा पायाने हळूच आणखी आत सरकवला आणि 'नाही' दाबलं.