छापील पुरावा

ऑनलाइन ज्ञानकोशात एका बिल्डरच्या पानावर कुणीतरी तिसऱ्यांदा लिहिलं, ‘घर रिकामं न करणाऱ्यांची बोटं हा माणूस ठेचतो.’ निवृत्त मुद्रितशोधक अण्णांनी तिसऱ्यांदा ते खोडलं आणि शेरा ठोकला, ‘ऐकीव चालत नाही, स्वानुभव तर नाहीच. छापील पुरावा आणा.’

“अहो, अख्खी गल्ली सांगते,” बायको म्हणाली.

“गल्ली म्हणजे काय वर्तमानपत्र आहे?” अण्णा खेकसले.

दुपारी बिल्डरची दोन माणसं घरात घुसली. अण्णा ज्ञानकोशावर स्वतःच्या खऱ्या नावाने काम करायचे आणि पानाच्या बदलांच्या इतिहासात तेच नाव सगळ्यात वर होतं. कुणी लिहिलं आणि कुणी खोडलं, हे बघत बसायला त्या दोघांना वेळ नव्हता. “अरे, मी खोडलंय ते!” अण्णा किंचाळत राहिले आणि टेबलावर दाबून धरलेल्या त्यांच्या हाताचं एकेक बोट हातोडीखाली फुटत गेलं.

आठवड्याने अण्णांनी डाव्या हाताने तेच वाक्य पुन्हा लिहिलं आणि खाली जोडलं, ‘संदर्भ: माझा उजवा हात.’



दोन मिनिटांत वाक्य गायब झालं. त्यांनीच तयार केलेल्या शिष्येचा शेरा होता, ‘अण्णा, स्वानुभव चालत नाही. छापील पुरावा आणा.’