माशाच्या डोळ्यातले दाणे

बत्तीस सालच्या उन्हाळ्यात पुण्याचे खांबेटे साहेब माशांचा अभ्यास करायला मार्गासनी गावात येऊन राहिले. त्यांचा स्वयंपाक धोंडाबाई करायची. साहेब नदीतले मासे आणून त्यांचे डोळे कापायचे. ते पाहिलं की तिला घास जायचा नाही.

एका दुपारी त्यांनी तिला हाक मारली. "धोंडाबाई, या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघा तरी. उजेड टिपणारे दाणे आहेत हे. कसे फरशी बसवल्यासारखे मांडलेत!"

पदर नाकाला लावून ती वाकली. काचेवर माशाच्या डोळ्यातला बुळबुळीत पापुद्रा पसरला होता. मधे एक दाणा, भोवती चार, अशा ओळीच ओळी. बघता बघता काही दाणे काळवंडले आणि त्यांची आकृती झाली. नाकाला पदर लावून वाकलेली बाई.

तिनं पदर सोडला. आकृतीनंही सोडला.

"साहेब, ह्यो मासा जित्ता हाय."

टेबलापलीकडे बसलेले साहेब हसले. "अहो, आठवडाभर स्पिरिटमध्ये होता तो. नीट बघा."

तिनं पुन्हा डोळा लावला. आता बाईच्या पाठीशी आणखी दाणे काळे होत होते. कोणीतरी तिच्या खांद्यावर वाकलं होतं. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं.

"काय दिसतंय?" समोरून साहेबांनी विचारलं.

 तिच्या मानेवरून काहीतरी गार, चिकट ओघळत चोळीत शिरलं, आणि कुजक्या माशाचा भपकारा आला.