लेंडीतलं बी

तीन वर्षं अर्ज करकरून मला विश्वामित्रीकाठच्या राखीव रानात शेळ्या चारायची परवानगी मिळाली होती. तिथली झाडं गिळून पसरलेली परदेशी वेडी बाभूळ तोडली तरी पुन्हा फुटते. तिचे कोवळे कोंब शेळ्यांनी सतत खुडले, तरच ती मरते. वनखात्याचे साहेब उद्घाटनाची फीत कापणार, तेवढ्यात जीवीबेन भरवाडणीनं फाटकात काठी आडवी धरून स्वतःचाच कळप अडवला आणि मला म्हणाली, “बेन, काल मकरपुऱ्याला यांनी त्याच बाभळीच्या पिकल्या शेंगा खाल्ल्या.” तिनं एक लेंडी तळहातावर चुरडली. आत अख्खं बी होतं. म्हणजे आज आम्ही रानभर बाभूळच पेरली असती! “आठ दिवस वाड्यात बांधते, पोट साफ होईल,” ती म्हणाली. साहेब तडकले, “आज नाही, तर परवानगी रद्द.” “करा रद्द. मी पुन्हा अर्ज करीन,” म्हणत मी फाटकाला कुलूप लावलं आणि किल्ली जीवीबेनच्या त्या लेंडीनं माखलेल्या तळहातावर ठेवली.